ही फाईल हाताने बदलू नये

तिसऱ्या गेटापलीकडं, उद्यमबागेत
व्हॉल्व्ह तपासायचं आमचं यंत्र.
दोनशे दहा बारचा दाब, आणि पोटात
सी भाषेतली एक जुनी लायब्ररी.
लिहिणारा केव्हाच रिटायर होऊन गोकाकला गेलेला.
ती कमी बोलते. पत्ता मागते, पत्ता देते.
चुकलात तर सांगत नाही,
नुसती मटकन खाली बसते.

पहिल्या वर्षी मी पायथनमधून एक दुभाष्या नेमला.
गुणी होता. मी माझ्या भाषेत म्हणायचे, दाब किती?
तो वेस ओलांडायचा, विचारून यायचा,
आकडा पुसून माझ्या हातावर ठेवायचा.
दाब किती? गेला. आला.
दाब किती? गेला. आला.
सेकंदाला दहा हजार वेळा.
एका बुधवारी सील फुटलं तेव्हा
तो वाटेत होता.

भरतेश फरशी पुसता पुसता म्हणाला,
"सारखा कशाला पाठवूलालीस त्याला?
एकदाच सगळं त्यांच्या भाषेत लिहून टाक की."

खानापूरच्या तहसीलसमोर बाबांचं टेबल होतं,
आखूड पायाखाली रद्द स्टॅम्प पेपरची घडी.
शेजारी गुंडू गावडोजी.
तो माणसाबरोबर आत जायचा,
खिडकीपाशी इकडचं तिकडं करायचा, वाक्यागणिक.
आतून "नाळे बर्री" आलं की वळून सांगायचा,
उद्या या म्हणतोय.
उद्याचे पैसे वेगळे.

बाबा आत जायचेच नाहीत.
सगळं ऐकून घ्यायचे, शेवटपर्यंत, एकदाच,
आणि कन्नडच्या गोल गोल अक्षरांत
अख्खा अर्ज उतरवायचे.
अर्ज एकटा आत जायचा.

तर मी जनरेटर लिहिला.
तो हेडर वाचतो, माझा मजकूर वाचतो,
आणि चहा होईस्तोवर
अकरा हजार ओळी सी पाडून ठेवतो.
माथ्यावर एक सूचना: ही फाईल हाताने बदलू नये.
आता वेशीवर कोणी थांबत नाही.
दाब चढला की झडप मिटते,
मला कळायच्या आधी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोसळला.
ओळ चार हजार आठशे बारा.
बघत बसले तिच्याकडं.
माझ्याच प्रोग्रॅमनं, माझ्याच नावानं लिहिलेली,
आणि मला ती वाचता येईना.

नंदगडच्या इंद्राक्कानं
शाईचा अंगठा हवेतच धरला होता.
"हे माझ्या नावानं काय लिवलंयस बाबा?"
बाबांनी वाचून दाखवलं.
ती म्हणाली, विहीर न्हवं मागितली मी.
विहिरीची वाट.
त्यानंतर बाबा प्रत्येक कन्नड ओळीशेजारी
समासात पेन्सिलनं मराठी लिहायचे,
ही ओळ कुणाच्या कुठल्या बोलण्यातून आली ते.
क्लार्क चिडायचा.
पेन्सिल आहे, खोडा, म्हणायचे.

आता माझा जनरेटर ओळीओळीला टीप सोडतो,
मूळ फाईल कुठली, ओळ कितवी.
फाईल दुप्पट जाड झाली. भरतेश हसतो.
पण कोसळतो तेव्हा
बोट माझ्याच वाक्यावर येऊन थांबतं.

दुभाष्याला काढलं नाही.
सकाळी यंत्र चालू करताना त्यालाच पाठवते.
तेव्हा घाई नसते, मत बदलता येतं.
आत गेलेल्या अर्जाला ते जमत नाही.

एकच अडलंय अजून.
लायब्ररी जी मेमरी हातात देते
ती मोकळी कोणी करायची, तिनं का मी?
हेडरमध्ये त्यावर अक्षर नाही.
गोकाकला फोन लावला.
म्हातारा कन्नडमध्ये बराच वेळ हसला,
मग मराठीत म्हणाला,
"मलाबी आता ठाऊक न्हाई बघ.
कुणीबी एकानं करा.
दोघांनी करू नका, म्हंजे झालं."